एमडीआर टीबीच्या गोळ्यांतली एखादी आपल्या मनाने कमी केली तर चालेल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. भाऊ चौतीस वर्षांचा. एमडीआर टीबी, म्हणजे टीबीच्या नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा. सहा महिन्यांचा नवीन कोर्स, म्हणजे बीपाल-एम (बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधं), सुरू होऊन तिसरा महिना संपत आला. खोकला थांबला, वजन वाढायला लागलं, पण दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री आग होते. हे लिनेझोलिडमुळे होतं असं कुणीतरी सांगितल्यापासून तो ती गोळी एक दिवसाआड घेतोय, बाकीच्या ठरल्याप्रमाणे. मळमळीसाठी मेडिकलमधून गोळी आणतो. मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. आई सकाळी काढा देते. तुम्ही विचारताय की लिनेझोलिड अशी कमी करून चालेल का, की सगळंच महिनाभर बंद ठेवून अंगात ताकद आल्यावर पुन्हा सुरू करावं. शिवाय घरात त्याची चार वर्षांची मुलगी आहे, तिची काळजी वाटते.

दोन्ही नको. एक दिवसाआड नको आणि महिनाभर बंद तर अजिबात नको. पण ‘सहन कर, कोर्स पूर्ण कर’ असंही मी म्हणणार नाही. मुंग्या अंगावर काढण्याची गोष्ट नाही. ओपीडीत मी हा प्रश्न रोज ऐकते आणि माझा अनुभव असा की लोक ‘कुठली गोळी सोडू’ एवढंच विचारतात. त्या वेळी खरी अडचण वेगळीच असते. दुष्परिणाम सुरू झालाय, तो टीबी सेंटरला माहीत नाही, घरात त्यावर परस्पर उपाय चाललेत, आणि ते उपायच कधी कधी मूळ औषधापेक्षा धोक्याचे ठरतात. तुमच्या प्रश्नात हे सगळं आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

मी भावाला तपासलेलं नाही. त्याचा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, थुंकीचा कल्चर रिपोर्ट (थुंकीतले जंतू वाढवून बघतात तो) आणि कुठल्या औषधांना जंतू दाद देतो याची तपासणी, यातलं काहीच माझ्यासमोर नाही. डोस बदलायचा का, किती, कधी, हे त्या कागदांवर ठरतं. मी सांगू शकते ते आम्ही कसा विचार करतो एवढंच.

आधी एक दिवसाआडचा हिशोब. भाऊ हुशार असेल तर म्हणेल, ६०० मिलिग्रॅम एक दिवसाआड म्हणजे सरासरी ३०० रोज, आणि डॉक्टरही गरज पडली तर ३०० करतातच की! आकड्यांत बरोबर आहे, शरीरात नाही. लिनेझोलिड रक्तातून झपाट्याने कमी होतं, साधारण पाच तासांत निम्मं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी ते जवळपास नसतंच. टीबीच्या जंतूंची संख्या प्रचंड असते आणि त्यात प्रत्येक औषधाला न जुमानणारे थोडे जंतू मुळातच असतात. चार औषधं एकत्र द्यायची ती याचसाठी, की एकाच्या तावडीतून सुटलेले दुसऱ्याने मारावेत. एक औषध अधूनमधून गायब झालं की भार उरलेल्यांवर पडतो आणि त्यातलं एखादं कायमचं निकामी होण्याची शक्यता वाढते. बेडाक्विलिन निकामी झालं तर पुढचा रस्ता फारच अवघड.

‘महिनाभर सगळंच बंद’ हे वरवर जास्त प्रामाणिक वाटतं. पण बेडाक्विलिन शरीरात साठून राहतं आणि कित्येक महिने अगदी हळूहळू उतरत जातं. बाकीची तीन औषधं काही दिवसांत निघून जातात. म्हणजे भावाला वाटतं की आपण औषधं थांबवली, आणि प्रत्यक्षात त्याच्या फुप्फुसात जंतूंसमोर एकटं बेडाक्विलिन, तेही दिवसेंदिवस कमी होत जाणारं. जंतूला ते औषध पचवायला शिकवायचं असतं, तर याहून चांगली सोय करता आली नसती.

आता मुंग्यांकडे येते. लिनेझोलिडने नसांना इजा होते हे खरं आहे आणि त्यात नवल काही नाही. याच गटातल्या औषधांचा निक्स-टीबी नावाचा अभ्यास झाला तेव्हा लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम दिलं होतं आणि ८१ टक्के रुग्णांना नसांचा त्रास झाला. मग झेनिक्स या अभ्यासात वेगवेगळे डोस तपासले. ६०० मिलिग्रॅमवर सहा महिन्यांत हा त्रास २४ टक्क्यांवर आला आणि बरे होण्याचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. म्हणून आज ६०० दिलं जातं. तेही झेपत नसेल तर ३०० वर आणण्याची सोय मार्गदर्शक सूचनांतच आहे. अपेक्षा एवढीच की पहिले ९ आठवडे रोजचा पूर्ण डोस झालेला असावा. तुमचा भाऊ तो टप्पा ओलांडून गेला असावा, पण मधल्या सोडलेल्या गोळ्यांमुळे हा हिशोब बिघडू शकतो. म्हणूनच कुठल्या तारखांना गोळी घेतली नाही हे डॉक्टरांना खरं सांगणं इतकं महत्त्वाचं आहे.

दुसरं, प्रत्येक मुंगी लिनेझोलिडची नसते. भावाला मधुमेह आहे, तळपायाची आग त्यानेही होते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि माणूस शाकाहारी असेल तर आणखीच. आधी साध्या टीबीचा कोर्स झाला असेल तर त्यातल्या आयसोनियाझिडचाही वाटा असू शकतो. दारू असेल तर तीही. आम्ही तपासताना काय करतो ते सांगते. पायातले मोजे काढायला लावतो आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतो. रुग्णाचे डोळे मिटलेले. ‘थरथर थांबली की सांगा.’ काही जण फोर्क टेकवल्या टेकवल्या ‘थांबली’ म्हणतात, आणि तो माझ्या बोटांत अजून थरथरत असतो. मग कापूस, टाचणी, घोट्याचा रिफ्लेक्स. आणि एक साधा प्रश्न: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? ज्याला कळत नाही त्याच्या बाबतीत मी वाट बघत नाही. मुंग्या फक्त बोटांच्या टोकाला आहेत, संवेदना शाबूत आहे, झोप लागते, अशा रुग्णाला लक्ष ठेवून पुढे नेता येतं. दोघांची तक्रार एकच असते, ‘पायाला मुंग्या’. निर्णय वेगळा. घरी बसून हा फरक करता येत नाही.

हे सगळं लवकर करण्याचं कारण म्हणजे नसांची इजा खोलवर गेली तर डोस कमी करूनही ती पूर्ण भरून येईलच असं नाही. कोर्स संपल्यावर काही जणांच्या मुंग्या महिनोन्महिने राहतात.

डोळ्यांचं तर त्याहून तातडीचं. लिनेझोलिडने डोळ्याच्या नसेला सूज येऊ शकते. वेळीच पकडली तर दृष्टी बहुतेक वेळा परत येते. मी रुग्णांना सांगते, भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, त्याच अंतरावर उभं राहायचं, चष्मा असेल तर लावायचा, एक डोळा हाताने झाकून तारखेखालची बारीक अक्षरं वाचायची, मग दुसरा डोळा. सुट्टीच्या लाल तारखा एका किंवा दोन्ही डोळ्यांना फिक्या किंवा विटकरी दिसल्या तर तो लिनेझोलिडचा इशारा समजायचा. एकाच डोळ्यात फरक असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितल्यावर तो कळत नाही, कारण चांगला डोळा भरपाई करतो. दृष्टीत असा फरक भावाला आज जाणवत असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना गाठा आणि लिनेझोलिडचा पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. ‘आपल्या मनाने थांबवू नका’ या माझ्या सांगण्याला एवढा एक अपवाद आहे, आणि तोही डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंतच.

आता मेडिकलमधल्या गोळीबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तीच.

आमच्याकडे रुग्ण आला की मी त्याला औषधांची सगळी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावते. सरकारी पट्ट्या बाजूला केल्या की खरा माल दिसतो: जेवणाआधी घ्यायची पित्ताची कॅप्सूल, गुलाबी अँटासिडची चिकट बाटली, ‘ताकदीची’ लाल टॉनिक, नाव फाडलेल्या पट्टीतल्या दोन पिवळ्या गोळ्या, कागदाच्या पुडीत बांधून दिलेली सर्दीची औषधं. रुग्ण म्हणतो, ‘ही काही औषधं नाहीत मॅडम, असंच आहे.’ मी ही प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघते, कारण बीपाल-एममध्ये घोटाळा होतो तो बहुधा इथेच.

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांमधला एक टप्पा लांबवतात. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. तो थोडा लांबला तरी चालतो, फार लांबला (५०० मिलिसेकंदांच्या वर) तर ठोके अचानक बिघडू शकतात. आपण ईसीजी काढून त्यावर नजर ठेवतो: कोर्सच्या आधी, दोन आठवड्यांनी, मग साधारण दर महिन्याला. पण मधल्या काळात रुग्ण बाहेरून काय घेतो ते ईसीजी काढणाऱ्याला माहीत नसतं. उलटीसाठी सर्रास दिली जाणारी ऑन्डॅनसेट्रॉन क्यूटी लांबवते. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलसोबत बहुतेक वेळा असणारी डॉमपेरिडोनसुद्धा. घसा धरला म्हणून तीन दिवसांचा अझिथ्रोमायसिनचा डोस, तोही तसाच. आणि उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम कमी झालेलं असेल तर या सगळ्यांचा धोका आणखी वाढतो. म्हणजे उलटी होते, म्हणून उलटीची गोळी, आणि दोन्ही मिळून एकाच दिशेने ढकलतात. मळमळीवर औषध द्यायचंच नाही असं नाही. आम्हीही देतो, पण ईसीजी आणि पोटॅशियम बघून, ठरावीक दिवसांसाठी. भाऊ जी गोळी घेतोय तिचं नाव मला माहीत नाही. पट्टीचा फोटो काढून सेंटरला पाठवा. छातीत धडधड झाली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तो पडला, तर फोनाफोनी न करता थेट इस्पितळात न्या आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की पेशंट बेडाक्विलिनवर आहे, ईसीजी काढा.

लिनेझोलिडची गोम वेगळी. ते मेंदूतल्या काही रसायनांचं विघटन रोखतं, त्यामुळे नैराश्याच्या अनेक गोळ्यांशी (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन), ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाशी आणि खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी त्याचं जमत नाही. अस्वस्थपणा, थरथर, घाम, ताप असा त्रास होऊ शकतो. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, त्याने रक्तदाब चढू शकतो. मानसोपचाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर त्या मात्र झटक्यात बंद करू नका. टीबीच्या डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना एकमेकांशी बोलायला लावा.

आणि आता गंमत बघा. तळपायाची आग होते म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तर रात्री एक छोटी गोळी लिहून देतात, अमिट्रिप्टिलिन. एरवी चांगलं औषध आहे. पण लिनेझोलिडसोबत ती चालत नाही आणि क्यूटीही लांबवते. ज्या त्रासासाठी भाऊ दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, त्याच त्रासाची ही नेहमीची गोळी त्याच्यासाठी चुकीची आहे. आम्ही अशा वेळी गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिनकडे वळतो, तेही किडनीचा रिपोर्ट बघून. मेडिकलवाला ‘नसांच्या गोळ्या’ देईल. त्यात बऱ्याचदा झिंक, लोह, कॅल्शियम मिसळलेलं असतं, आणि ते मॉक्सिफ्लॉक्सासिनला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. अँटासिडच्या बाटलीचंही तेच. घ्यायचंच असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिननंतर निदान चार तास जाऊ द्यावेत. आणि आधी अँटासिड घेतलं असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन आठ तासांनी. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ सेंटरवरून मिळतं तेवढंच पुरे. लिनेझोलिडच्या मुंग्या त्याने थांबतात असा भरवसा नाही, आणि मोठ्या डोसमध्ये बऱ्याच काळ घेतलं तर बी-६ स्वतःच नसा बिघडवतं.

अजून एक, पावसाळ्यात हमखास येणारं: गजकर्ण. त्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. त्या बेडाक्विलिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. त्वचारोगतज्ज्ञाला टीबीच्या औषधांची चिठ्ठी दाखवा, लावायचं मलम मागून घ्या. फिट्सच्या गोळ्यांचं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) नेमकं उलटं. त्या बेडाक्विलिन लवकर संपवून टाकतात.

मधुमेहाबद्दल थोडक्यात. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड दोन्हींमुळे साखर अचानक खाली जाऊ शकते, आणि ग्लिमेपिराइड असेल तर जास्तच. मळमळीमुळे जेवण कमी आणि ग्लिमेपिराइड पूर्ण, अशा दिवशी घाम, थरथर, डोकं सुन्न होणं हे औषधांची ‘उष्णता’ समजून सोडून देऊ नका, ग्लुकोमीटरवर साखर बघा. मेटफॉर्मिन चालू असताना खूप उलट्या, धाप, पोटात दुखणं एकदम सुरू झालं तर तेही तातडीचं. लिनेझोलिडने रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं आणि मेटफॉर्मिनने त्यात भर पडते. मधुमेहाच्या डॉक्टरांना या कोर्सबद्दल सांगितलंय का? नसेल तर सांगा.

काढ्याचं. आईला दुखवायचं नाही हे मला कळतं. आलं-गवती चहाचा काढा असेल तर माझी हरकत नाही. पण गुळवेल, अश्वगंधा किंवा ‘टीबीवर रामबाण’ म्हणून कुणी दिलेलं चूर्ण असेल तर ते कोर्स संपेपर्यंत बाजूला ठेवा. प्रेटोमॅनिड आणि बेडाक्विलिन दोन्हींचा यकृतावर ताण पडतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तो वाद कुठेही जाऊ दे. माझी अडचण व्यवहाराची आहे. रुग्णाचे लिव्हरचे आकडे वाढले की मला कारण शोधावं लागतं, आणि पिशवीत अनोळखी चूर्ण असेल तर नाहक टीबीचं औषध थांबवायची वेळ येते. दारू पूर्ण बंद. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नाची शिसारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

गोळ्या घ्यायची पद्धत मळमळीलाही उपयोगी पडते. बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड भरल्या पोटी घ्यायच्या. हा पोटाला त्रास होऊ नये म्हणूनचा सल्ला नाही. अन्नासोबत बेडाक्विलिन जवळपास दुपटीने शोषलं जातं. चहा-बिस्किटावर घेतलं तर निम्मं वाया. पोहे, उपमा, पोळी-भाजी, अंडं, काहीही, पण त्यात थोडं तेल-तूप असावं. बऱ्याच जणांना सकाळी उठल्याबरोबर गोळ्या बघूनच मळमळतं. त्यांना मी दुपारच्या जेवणानंतरची वेळ ठरवून देते, मात्र ती रोज तीच. साध्या पाण्याने गिळायच्या.

बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम असतं, दोन डोसांमध्ये निदान ४८ तास. भाऊ आता तीनदाच्या टप्प्यावर असणार. बाकीच्या गोळ्या रोज, ही सोमवार-बुधवार-शुक्रवार, यातच गोंधळ होतो. ज्या कॅलेंडरवर डोळे तपासता त्याच्यावरच ‘बे’ लिहून गोल करा आणि घेतल्यावर काट मारा. सोमवारचा डोस राहिला आणि मंगळवारी आठवला तर घ्या, पुढचे ४८ तास सोडून क्रम परत लावा. सात दिवसांत ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्र जाता कामा नये. रोजच्या गोळ्यांपैकी एखादी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको. गोळ्या घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली आणि त्यात गोळ्या दिसल्या तर परत घ्यायच्या का हे फोन करून विचारा. काही दिवसांचा खंड पडला असेल तर घरच्या घरी ‘पुन्हा सुरू’ करू नका. कोर्स किती वाढवायचा, बेडाक्विलिनचा सुरुवातीचा मोठा डोस परत लागेल का, हे सेंटर ठरवतं. गोळ्या फ्रिजच्या माथ्यावर किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, तिथे तापतं.

शेजाऱ्यांनी ‘एमडीआरच्या औषधांनी आमच्या काकांचे कान गेले’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. खोटं नाही ते. पूर्वीच्या कोर्समध्ये महिनोन्महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं असत आणि कित्येकांचं ऐकू येणं त्यांनी गेलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांचंही टीबीवरच्या इंजेक्शनाने गेलं. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवायला भारतात विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. भावाच्या कोर्समध्ये एकही इंजेक्शन नाही. केंद्र सरकारने बीपाल-एमला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याआधी बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात या कोर्सने ८९ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, जुन्या पद्धतीने ५२ टक्के. जुना कोर्स दीड-दोन वर्षांचा असे. भावाला हे सांगा, कारण एक दिवसाआडच्या गोळ्यांनी हा कोर्स फसला तर त्याला परत त्या लांबच्या रस्त्याने जावं लागेल.

उद्या सकाळी करायचं काम: सेंटरला किंवा तुमच्या भागातल्या टीबी सुपरवायझरला फोन. त्यांना नेमकं सांगा. निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) हा, बीपाल-एमचा अमुक आठवडा, दोन्ही तळपायांना अमुक दिवसांपासून मुंग्या, रात्री झोपमोड होते, या या तारखांना लिनेझोलिड घेतली नाही, बाहेरून या गोळ्या आणि हा काढा घेतला, मधुमेहाच्या या गोळ्या चालू. ‘त्याला बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगितलं तर पुढच्या महिन्याची तारीख मिळते. जाताना पिशवी आख्खी न्या, शिल्लक राहिलेल्या लिनेझोलिडसकट. सोबत मागा: ईसीजी, सीबीसी (लिनेझोलिडने रक्तपेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात), लिव्हर, किडनी, पोटॅशियम-मॅग्नेशियम, बी-१२, आणि डोळ्यांची रंगदृष्टीसह तपासणी. ताज्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, रात्री-अपरात्री दुसऱ्या इस्पितळात जावं लागलं तर तुलनेला उपयोगी पडतो.

गोळ्या सोडल्या हे कळल्यावर ओरडा बसेल अशी भीती असते. ओरडणारे आहेत आमच्यात, नाकारत नाही. तरी सांगा. फोन लागला नाही तर निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. दुष्परिणामांच्या तपासण्या हा सरकारी उपचाराचाच भाग आहे, तेव्हा ‘बाहेरून करून आणा’ म्हटलं तर कुठून आणि का, हे विचारायला संकोच नको. पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते). येत नसतील तर त्याच फोनमध्ये बँक खातं जोडलंय का तेही विचारून टाका.

मुलीचं. भाऊ नीट औषधं घेतोय तोवर त्याच्यापासूनचा संसर्ग झपाट्याने कमी होतो. सोडलेल्या गोळ्यांनी हे गणित बिघडतं, त्यामुळे ताजा कल्चर रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत त्याने मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलीने वेगळ्या खोलीत झोपावं, खोली नसेल तर निदान त्याच्या कुशीत नको. ताटं-वाट्या वेगळ्या करायची गरज नाही, हा आजार हवेतून पसरतो. मुलीची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. तिला आजार नसेल तर प्रतिबंधक औषधाचं विचारा. एमडीआर रुग्णाच्या घरातल्यांसाठी सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली आहे. तुमच्या जिल्ह्यात ते सुरू आहे का हे सेंटर सांगेल. पुढची दोन वर्षं तिचा ताप लांबला, खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा वजन वाढायचं थांबलं, तर बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा की घरातला रुग्ण एमडीआरचा होता. न सांगितल्यास तिला साध्या टीबीच्या गोळ्या सुरू होतील, आणि बापाच्या जंतूवर ज्या चालल्या नाहीत त्या तिच्यावरही चालणार नाहीत.